हॉलंडची ताई, धाडचं मैदान

बी.पी.एड.ला माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण आता पुण्यात एका क्रीडासंस्थेत काम करते. एका दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. नेदरलँड्समध्ये क्रीडाशास्त्र शिकणारी एक मुलगी इंटर्नशिपसाठी भारतात येणार होती. तिच्या विद्यापीठातल्या मुलांना परदेशातल्या एखाद्या क्रीडा अकादमीत काही महिने काम करावंच लागतं. बाकीची मुलं मोठाली स्टेडियम असलेल्या शहरांत जातात. हिला मात्र खेड्यातल्या मुली जिथे खेळतात अशी जागा हवी होती.

"तुझ्याकडे पाठवू का?" मैत्रिणीने विचारलं.

मी हो म्हणून बसले आणि फोन ठेवल्यावर काळजीत पडले. आमची अकादमी म्हणजे धाडमधल्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, त्या शाळेमागचं मैदान. पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली माती, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा आणि कडेला टिनाचं एक शेड. शेडवर 'मुलींची कबड्डी अकादमी' अशी पाटी. शाळा सुटली की मुली शेडमध्ये कपडे बदलतात आणि अंधारात चेंडूएवढा दगड दिसेनासा होईपर्यंत खेळतात. मी स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. लग्न होऊन धाडला आल्यावर हे मैदान मीच उभं केलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. पण विमानाने येणाऱ्या मुलीला ते कसं दिसेल, हा विचार तोवर कधी करावा लागला नव्हता.

घरी सांगितलं. माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. तेव्हा त्याची ड्यूटी संभाजीनगरच्या गाडीवर होती. तो म्हणाला, "तिथल्या स्टँडवरून मीच घेऊन येतो. फक्त मले इंग्रजी बोलाले लावू नको."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "ते भाकर खाते काय?"

ती आली तो बाजाराचा दिवस होता. गाडीतून आधी तिची पाठपिशवी उतरली, मग ती. दारातून उतरताना तिला मान वाकवावी लागली, एवढी उंच. मिरच्या विकणाऱ्या बायांनी तागड्या हातात तशाच धरून तिच्याकडे पाहिलं. नवऱ्याने रस्त्यात तिला पेरू खायला दिले होते. "सारा रस्ता खिडकीतून पाहून राह्यली व्हती," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "एक शब्द बोलली नाही. मले बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला मैदानावर नेलं. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि इंग्रजीत विचारलं, "छान आहे. आणि अकादमी कुठे आहे?"

"हीच," मी म्हटलं.

तिने शेडकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा मातीकडे पाहिलं. तिला ही सरावाआधी अंग मोकळं करायची जागा वाटली होती, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या क्षणी मात्र ती फक्त "ठीक आहे" म्हणाली. पिशवीतून मोजपट्टी आणि स्टॉपवॉच काढलं आणि बूट सोडून मातीत अनवाणी उतरली, कारण मुली अनवाणी होत्या.

ती हॉकी खेळणारी. कबड्डी तिने फक्त मोबाइलवर पाहिली होती. मुलींनी तिला पहिल्याच दिवशी चढाईला पाठवलं. "मॅडम, इले कसं पकडाचं?" एकजण म्हणाली. "इची टांगच माह्या खांद्याएवढी हाय." पण पकडायला काहीच अडचण आली नाही. तिला खाली वाकता येत नव्हतं. दोघींनी घोटा धरला आणि ती झाड पडावं तशी आडवी झाली. दोघींनी लगेच घोटा सोडला. पाहुणीला लागलं की काय, म्हणून मीही धावले. ती उठून बसली, तोंडातली माती थुंकली आणि म्हणाली, "पुन्हा." तो आठवडा संपायच्या आत ती सगळ्यांची ताई झाली होती.

माझी सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी तेव्हा बारावीत होती. अंगाने बारीक, पायाने फार चपळ. तिची आई दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची. कापूस वेचायच्या दिवसांत शाळेला सुट्टी असली की मुलगीही आईसोबत जायची आणि संध्याकाळी सरळ वावरातून मैदानावर यायची. खामगावला आमच्या स्पर्धा होणार होत्या आणि सगळा संघ तिच्यावर अवलंबून होता.

ताईच्या विद्यापीठात एक पद्धत होती. सराव सुरू करण्याआधी प्रत्येकीला विचारायचं, आज किती थकली आहेस? एक म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे फार. बोटांनी दाखवायचं. एरवी भाषांतराला मी शेजारी असायची. ती पद्धत तिने पहिल्यांदा वापरली त्या दिवशी मात्र शाळेत मीटिंग होती, म्हणून ताईला म्हटलं, तू सुरू कर, मी येते. मी पोचले तेव्हा सराव सुरूच झाला नव्हता. ताई हातात वही धरून गोंधळलेली उभी होती. माझी चढाईवाली मुलगी कुठेच नव्हती.

"सगळ्यांनी दहा दाखवलं," ताई म्हणाली. "ती तर शेतातून आली होती, तिने दोन्ही हात दोनदा दाखवले. मी तिला म्हटलं, तू आज बस, खेळू नकोस. ती निघून गेली."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इतर मुलींकडून कळलं की ती म्हणते, मॅडमनी हॉलंडवालीच्या सांगण्यावरून मला टीममधून काढलं.

रविवारी मी आणि ताई तिला भेटायला वावरात गेलो. आईसोबत ती कापसाच्या ओळीत होती, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली. आम्हाला पाहून तिने काम थांबवलं नाही.

"काऊन येऊन नाही राह्यली वं?" मी विचारलं.

"मॅडम, म्या दहापैकी दहा दाखवले," ती बोंडांकडेच पाहत म्हणाली. "दोन खेप दाखवले. तरी मले बसवलं. बाकीच्यायनं माह्याहून जास्त काय दाखवलं असंन?"

मला समजायला थोडा वेळ लागला, मग हसू आवरेना. मुलींना ते मार्क वाटले होते. खेळायची किती तयारी आहे, दहापैकी किती. कोण कशाला सात दाखवेल? मी ताईला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. "मला वाटलं, सगळा संघ आजारी पडणार आहे," ती म्हणाली. "मी माझ्या प्राध्यापकांनाही तसं कळवलं."

मुलीला उलगडून सांगितलं, तेव्हा तीही ओठ दाबून हसली. पण तिचं म्हणणं संपलं नव्हतं. "तिले सांगा मॅडम, थकली तं म्या व्हतीच. सकाळपासून वेचून राह्यली व्हती. पण थकलं म्हणून घरी बसवाचं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात असतो आम्ही. तिथं आलं की जिवाले बरं वाटते."

मी शब्दाला शब्द जमेल तसं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "विचार तिला, कापूस वेचायच्या दिवशी तिने फक्त शेवटचा डाव खेळला तर चालेल का? आधी नुसतं माझ्याशेजारी उभं राहायचं आणि इतरजणींचे पाय कसे पडतात ते मला सांगायचं."

मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाय. एक डाव तं एक डाव."

निघताना ताईने एक बोंड वेचायला घेतलं आणि तिच्या बोटाला टोक लागलं. मुलीने तिचा हात धरून बोटं कशी घालायची ते दाखवलं. ताईने एक बोंड नीट मोकळं केलं आणि ते खिशात ठेवलं.

राहायला ती आमच्याकडेच होती, आणि घरी तिची सगळ्यात जास्त गट्टी जमली ती सासूबाईंशी. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि ताईला मराठीतलं पाणी, भाकर, बस, चल एवढंच येत होतं. पण सराव आटोपून आलो की दोघी ओट्यावर बसायच्या. ताई मोबाइलवर फोटो दाखवायची. त्यात एक म्हातारा नेहमी असायचा, अंगात पिवळा रेनकोट, हातात सायकल. तो तिचा आजोबा. तिची आई दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करणारी. त्यामुळे मुलीला आजोबानेच वाढवलं होतं. हॉकीच्या मैदानावर तोच सायकलवरून घेऊन जायचा. सासूबाई फोटो जवळ घेऊन पाहायच्या आणि तिला सांगायच्या, "नाक त्याचंच हाय तुले." ताई काय समजायची कोण जाणे, पण मान हलवायची आणि नाकाला हात लावायची.

एका सकाळी ती चहाला बाहेर आली नाही. मी दार ढकललं तर ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मोबाइल मांडीवर. आजोबा गेले होते. ती इकडे यायला निघाली तेव्हाही आजारी होते, पण इतक्या लवकर काही होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

माझं सगळं इंग्रजी खेळाचं. पळ, थांब, वाक, छान. सासूबाई माझ्यामागून आत आल्या, तिच्या बाजूला बसल्या आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ती उंच असल्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं. "रड माय," सासूबाई म्हणाल्या. "रडून घे." तेव्हा ती रडली.

जायचं की राहायचं, हे दिवसभर ठरेना. मी तिला म्हटलं, तू जा, तुझ्या विद्यापीठाला मी कळवते. नवऱ्याने संभाजीनगरहून कोणतं विमान मिळेल ते विचारून ठेवलं. तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. आजोबांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की पोरगी काम अर्धं टाकून आलेली मला चालणार नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "मी राहते." मग जरा वेळाने म्हणाली, "बरोबर करतेय की नाही, मला माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

अंत्यविधी तिची आई मोबाइलवर दाखवणार होती. आमच्या घरी रेंज धड येत नाही, शाळेच्या व्हरांड्यात येते. तिकडे सकाळ असली तरी आपल्याकडे दुपार उलटून गेलेली. आम्ही दोघी व्हरांड्यात जाऊन बसलो. मोबाइल तिने वह्यांच्या थप्पीला टेकवून उभा केला. एक साधा हॉल, काचेबाहेर पाऊस, लाकडी पेटी. पेटीवर फुलं आणि एक छोटी हॉकी स्टिक. "ती माझी आहे," ताई म्हणाली. "पहिली."

सरावाची वेळ झाली होती. मुली एकेक करून यायला लागल्या. आदल्या दिवशीच त्यांना कळलं होतं. मी हाताने खूण केली, आज नाही, घरी जा. कोणी गेलं नाही. आधी ती चढाईवाली मुलगी येऊन ताईच्या मागे फरशीवर बसली, मग बाकीच्या. भाषा कोणालाच कळत नव्हती. कोणी तरी बोलत होतं, मग पियानो वाजला, मग लोक उठून पेटीजवळून जाऊ लागले. एवढ्या मुली एकत्र बसूनही मला त्यांचा आवाज आला नाही, असं तेवढ्या एका दिवशीच झालं असेल.

सगळं आटोपल्यावर तिच्या आईने मोबाइल आपल्याकडे वळवला, लेकीशी बोलण्यासाठी. तेव्हा तिला लेकीच्या मागे बसलेल्या मुली दिसल्या. कुणी शाळेच्या ड्रेसात, कुणी खेळायच्या. ती बोलता बोलता थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मुली उभ्या राहिल्या. मी सांगितलं नव्हतं. कोणी मोठं माणूस वर्गात आलं की उभं राहायचं, ही त्यांची सवय, ती तशीच तिथे आली.

सासूबाईंनी त्या रात्री जेवताना माझ्या नवऱ्याला सांगितलं, "सातव्या दिवशी पुण्यानुमोदन करू. आपल्या घरी राहून राह्यली ते. तिचा आजा तो आपला कोणीच नाही काय?" आमच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसासाठी घरी वंदना घेतात, चार माणसं जमतात, त्याच्याबद्दल बोलतात आणि सगळ्यांना जेवायला वाढतात. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा कधी चर्चमध्येही गेले नाहीत. पण जेवायला ते नक्की आले असते."

फोटो हवा होता. बाजारात एक फोटो स्टुडिओ आहे. मालक मुसलमान, आमच्या स्पर्धांचे सगळे ग्रुप फोटो तेच काढतात. जुम्म्याचा दिवस होता आणि ते नमाजाला निघायच्या बेतात होते. शटर अर्धं ओढलेलं. मी सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा वर केलं. ताईच्या मोबाइलवरून फोटो घेतला, तिच्याकडे पाहून हलकेच मान झुकवली आणि म्हणाले, "बेटा, शाम को ले जाना."

संध्याकाळी फ्रेम तयार होती. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो जसा करतात तसाच त्यांनी मनापासून केला होता. मागे निळं आभाळ, त्यातून उजेडाचे पट्टे, खाली गुलाब. रेनकोट काढून टाकून आजोबांना काळा कोट आणि लाल टाय घातला होता. ताईने फ्रेम हातात घेतली. एक क्षण तिचा चेहरा नुसता कोरा राहिला आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती हसतच होती. स्टुडिओवाले घाबरले. "काही चुकलं का? बदलून देतो."

"त्यांनी जन्मात टाय घातला नाही," तिने मला सांगितलं. "बदलू नका म्हणा. लग्नातसुद्धा ते एवढे चांगले दिसले नव्हते."

ती फ्रेम आमच्या घरी बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवली, मेणबत्त्या लावल्या, वंदना घेतली. गल्लीतली माणसं पांढरे कपडे घालून आली होती, मुली होत्या, त्यांच्या आया होत्या. शेवटी ताईला बोलायला सांगितलं. ती बोलली तेवढं मी मराठीत करून सांगितलं. आजोबा पावसात मैदानाबाहेर सायकल धरून उभे राहायचे. खेळातलं त्यांना फारसं कळत नसे. आम्ही जिंकलो तरी आणि हरलो तरी ते एकच वाक्य म्हणायचे, चल, घरी जाऊन सूप पिऊ. एवढं सांगून ती बसली. मग पंगत बसली आणि वाढायला तीही उठली. वरणाची बादली घेऊन ती वाकत वाकत फिरली. आता तिला वाकता येत होतं.

खामगावच्या स्पर्धेत आम्ही पहिले दोन सामने जिंकलो आणि उपांत्य सामन्यात हरलो. शेवटची चढाई आमच्या त्याच मुलीची होती. दोन गुण हवे होते. दोघींना शिवून ती मध्यरेषेकडे झेपावली आणि हात रेषेला लागायच्या आत तिला मागे खेचलं गेलं. निकाल योग्य होता, पंचांचं काही चुकलं नाही. आमच्या मुली पाणी पिऊन शांतपणे बसल्या. रडत होती ती ताई, शेवटच्या खुर्चीवर, तोंडाला टॉवेल लावून. आजोबांसाठीचं रडणंही त्यात असावं.

हरलेली मुलगी तिच्याजवळ गेली. गुडघा खरचटलेला, अंगभर माती. तिच्याकडे शाळेतलं जेवढं इंग्रजी होतं त्यातून तिने दोन शब्द शोधले. "ताई. होम. सूप."

ताईने टॉवेल खाली घेतला आणि तिला जवळ ओढलं. खामगाव स्टँडवर सूप कुठलं मिळणार? आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, कचोरी खाल्ली आणि शेवटच्या गाडीने निघालो. मुलींनी गाडीत गाणी म्हटली.

जानेवारीत ती गेली. सासूबाईंनी तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ घातलं. पीठ विमानात नेऊ देतील की नाही, याची चर्चा घरात बराच वेळ चालली. टायवाल्या आजोबांची फ्रेम तिने कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत घेतली. ती आता त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या वर लावलेली आहे. तिच्या आईला आधी ती भिंतीवर नको होती, मग हळूहळू आवडायला लागली, असं ताईने कळवलं. नवरा तिला गाडीने संभाजीनगरला सोडून आला. त्याला विचारलं, रस्त्यात काही बोलली का? "लय बोलली," तो म्हणाला. "म्याही बोललो. काय बोललो ते आमचं आम्हाले माहीत."

तिच्या विद्यापीठाने तिचं काम मान्य केलं. माझी चढाईवाली मुलगी बारावीनंतर बुलढाण्याला कॉलेजात गेली, आता विद्यापीठाच्या संघात खेळते. सुट्टीत आली की लहान मुलींना पाय कसे टाकायचे ते शिकवते, आणि शिकवताना माझ्याहून कडक असते.

ताई आता तिच्या गावातल्या शाळेत खेळ शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिने एक व्हिडिओ पाठवला. हिरवंगार गवत, जाड जॅकेट घातलेली गोरी मुलं आणि मुली, आणि मध्ये कबड्डी. मी तो शेडमध्ये सगळ्यांना दाखवला. पहिल्यांदा सगळ्या खूश झाल्या. मग व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि मोबाइलभोवती डोकी जमली.

"मॅडम, यायनं बोनसची लाइनच नाही आखली."

"त्या पोट्ट्याचा दम तुटला, कोणी पाहून नाही राह्यलं."

"घोटा असा धरतेत काय? सुटन ना तो."

सुट्टीवर आलेली माझी ती चढाईवाली मुलगी म्हणाली, "द्या मॅडम मोबाइल. आपण दाखवू तिले कसं धराचं ते." कोणी चढाई करायची, कोणी पकड आणि शूटिंग कोणी करायचं यावरून वाद झाला. शेवटी मोबाइल माझ्याच हातात आला. दोघी मैदानात उतरल्या, बाकीच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि एकजण मला म्हणाली, "मॅडम, पाय दिसले पाहिजेत बरं. तोंडं नसली तरी चालते."